दिव्यांगत्वावर संशोधन करायचंय? खान्देशातल्या मुलांनी अर्ज करण्याआधी हे वाचा

शहादा, तळोदा, धडगावकडची पदवी झालेली मुलं हल्ली मला एक प्रश्न हमखास विचारतात. आपल्याच गावातल्या दिव्यांगांचं शिक्षण, उपचार, रोजगार यांवर अभ्यास करायचा आहे, त्यासाठी सरकारी मदत मिळते का? मिळते. पण एक गैरसमज आधी काढून टाकू. पीएच.डी.ची फेलोशिप आणि परदेशी शिष्यवृत्ती, या दोन्ही योजना अर्जदार स्वतः दिव्यांग असेल तरच लागू होतात. प्रबंधाचा विषय दिव्यांगत्वाचा आहे, एवढ्यावर त्या मिळत नाहीत.

म्हणून पहिला कागद यूडीआयडी कार्डाचा, म्हणजेच वैश्विक ओळखपत्राचा. 1 जून 2021 पासून दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र ‘स्वावलंबन’ पोर्टलवरूनच काढावं लागतं. आधार, अलीकडचा फोटो, रहिवासाचा पुरावा आणि उपचाराचे जुने कागद एवढं जवळ ठेवा. अर्ज भरताना तपासणीचं रुग्णालय निवडावं लागतं. पोहोचायला सोपं असेल तेच निवडा, कारण फेरी एकच होईल असं धरून चालता येत नाही. आधारवर ‘सुनिल’ आणि मार्कशीटवर ‘सुनील’ असा फरक असेल, तर तो अर्जाआधी दुरुस्त करून घ्या. अशा एका वेलांटीमुळे पुढे शिष्यवृत्तीचा अर्ज अडकलेला मी स्वतः पाहिला आहे.

कार्ड तीन रंगांत येतं. 40 टक्क्यांच्या खाली पांढरं, 40 ते 80 च्या आत पिवळं, 80 आणि त्यावर निळं. आपल्या कामाची रेघ 40 टक्क्यांची. कायद्याच्या भाषेत यालाच लक्षणीय दिव्यांगत्व म्हणतात, आणि उच्च शिक्षणातल्या 5 टक्के राखीव जागा त्यावरच मिळतात. टक्केवारी चुकीची लावली असं वाटलं, तर निर्णयापासून 90 दिवसांच्या आत अपील करता येतं. बहुतेक घरांना हे माहीतच नसतं. दाखला हातात घेऊन लोक गप्प घरी जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

सातपुड्यातल्या घरांसाठी इथे थोडं थांबतो. 1995 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 7 प्रकार होते, 2016 च्या कायद्याने ते 21 केले, आणि त्यांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आहे. नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांवर हा आजार किती घरांत आहे, हे तिथल्या आशाताईंना विचारा. दुखण्याचा झटका आला की पोरगं आठ-आठ दिवस शाळेत जात नाही, तरी चारचौघांना ते धडधाकटच दिसतं, म्हणून प्रमाणपत्राचा विचारही कोणाच्या मनात येत नाही. प्रमाणपत्रासाठी आजार निश्चित झालेला लागतो. शिबिरात झालेल्या विद्राव्यता चाचणीचा, म्हणजे रक्ताच्या झटपट प्राथमिक तपासणीचा कागद पुरत नाही, एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या प्रयोगशाळेतल्या पक्क्या तपासणीचा रिपोर्ट काढा. जो फक्त वाहक आहे, म्हणजे ज्याच्यात दोष आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच आला आहे, त्याला हे प्रमाणपत्र मिळत नाही. आणखी एक: शिक्षणातल्या 5 टक्के जागांत सिकलसेल धरला जातो, मात्र सरकारी नोकरीतल्या 4 टक्के आरक्षणाच्या यादीत रक्ताचे आजार नाहीत. मला हे अन्यायाचं वाटतं, पण आज कायदा असा आहे आणि मुलांना ते आधीच कळायला हवं.

कार्ड झालं की पीएच.डी.चा रस्ता. जळगावच्या बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात असो की बाहेर कुठे, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2022 च्या नियमांप्रमाणे दिव्यांग विद्यार्थ्याला पदव्युत्तर गुणांत 5 टक्क्यांची सूट आहे, म्हणजे 55 ऐवजी 50 चालतात. प्रबंध पूर्ण करायलाही दोन वर्षं जादा मिळतात. दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय फेलोशिपच्या वर्षाला 200 जागा असतात आणि निवड नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या निकालावरून होते. परीक्षेत तासाला 20 मिनिटं वाढीव मिळतात. अंध, दोन्ही हात बाधित असलेल्या आणि सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा न राहणं) असलेल्या उमेदवारांना मागितल्यावर लेखनिक मिळतो. इतरांनी आपल्याला लेखनिकाची गरज आहे असं सिव्हिल सर्जनचं प्रमाणपत्र आधीच आणून ठेवावं.

परदेशात मास्टर्स किंवा पीएच.डी. करायची असेल, तर केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीत दिव्यांगांसाठी वर्षाला 20 जागा आहेत, त्यांतल्या 6 मुलींसाठी. वय 35 च्या आत हवं. गुण आणि उत्पन्नाची अट त्या वर्षीच्या जाहिरातीतून वाचा, कोणाच्या जुन्या झेरॉक्सवरून नको. पासपोर्टला आजच लागा. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचाच लागतो.

आणि ज्यांना पदव्या नकोत, गावातच राहून काम करायचं आहे? त्यांच्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेचा समुदायाधारित समावेशक विकासाचा सहा महिन्यांचा कोर्स आहे. परिषदेने तो ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न विद्यापीठाबरोबर तयार केला आणि 2021 मध्ये सुरू झाला. शिकून तयार झालेल्यांना ‘दिव्यांग मित्र’ म्हणतात. घरोघर जाऊन दिव्यांग व्यक्ती शोधणं, तिला शाळा, दवाखाना, योजना यांच्याशी जोडणं, हे ते काम. प्रवेश घेण्याआधी संस्था परिषदेच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का, ते पाहाच.

प्रबंधासाठी गावात माहिती गोळा करायची, तर विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मंजुरी आधी घ्यावी लागते. सोबत जोडायचं संमतीपत्र नुसतं प्रमाण मराठीत ठेवू नका. धुळ्याकडे अहिराणीत, धडगावकडे पावरीत वाचून दाखवा, आणि वाचून दाखवल्याची नोंद त्याच कागदावर करा.