गंबोरो: आईची अँटीबॉडी आणि लसीची अँटीबॉडी

गंबोरो हा कोंबडीच्या पिल्लांची प्रतिकारशक्ती खच्ची करणारा विषाणूजन्य रोग. त्याच्याशी लढणारी अँटीबॉडी आईकडून आलेली असो की लसीमुळे बनलेली, लॅबच्या रिपोर्टवर दोन्ही सारख्याच दिसतात. एक दिवसाच्या पिल्लाचा एलायझा टायटर (चाचणीत दिसणारं रक्तातल्या अँटीबॉडीचं प्रमाण) ४००० आणि लस लागलेल्या मोठ्या पक्ष्याचाही ४०००. आकडा तोच, अर्थ मात्र वेगळा. हा गोंधळ गंबोरोच्या लसीकरणात सगळ्यात महागात पडतो.

पिल्लाच्या रक्तातली अँटीबॉडी त्याने बनवलेलीच नसते. पेरेंट कोंबडीने, म्हणजे त्याच्या आईने, ती अंड्याच्या बलकात भरून दिलेली असते. अंड्यातले शेवटचे दिवस आणि बाहेर आल्यावरचे पहिले काही दिवस पिल्लू तो बलक शोषून घेतं. वासराला चीक, तसा पिल्लाला बलक. पण ही शिदोरी संपतच जाते. ब्रॉयलरमध्ये (मांसाच्या कोंबड्यांत) साधारण दर तीन दिवसांनी ती निम्मी होते: पहिल्या दिवशी ४०००, तर चौथ्या दिवशी २०००, सातव्या दिवशी १०००, दहाव्या दिवशी ५००. लेयरची (अंड्यांच्या कोंबड्यांची) पिल्लं सावकाश वाढतात, म्हणून त्यांच्यात निम्मी व्हायला पाचेक दिवस लागतात.

लसीची अँटीबॉडी पक्षी स्वतः बनवतो. पाण्यातून दिलेली जिवंत लस असेल, तर त्यासाठी तिच्यातला विषाणू आधी गुदद्वाराजवळच्या बर्सा नावाच्या पिशवीत वाढावा लागतो. नंतर तोच विषाणू पुन्हा आला, तर शरीराला त्याची ओळख पटते. उसन्या अँटीबॉडीत ही ओळख नसते.

अडचण अशी की आईची अँटीबॉडी रोगाचा विषाणू आणि लसीचा विषाणू असा भेद करत नाही. टायटर चढा असताना पाण्यातून लस दिली तर ती तिथेच निकामी होते. ढोबळमानाने इंटरमिजिएट (मध्यम जोराची) लस टायटर १२५ च्या आसपास उतरल्यावर लागू पडते, त्याहून जोरकस इंटरमिजिएट प्लस ५०० च्या आसपास. पाण्यात निळा रंग टाकून पिल्लांच्या जिभा तपासतो ना आपण, त्यातून ती लस प्यायली एवढंच कळतं.

बरं, थांबायचं तरी किती? शेडमधला जहाल विषाणू याहून चढ्या टायटरवरही घुसतो. म्हणजे मधले काही दिवस रोग होऊ शकतो, पण लस लागू पडत नाही. त्यात वेगवेगळ्या पेरेंटची पिल्लं एकाच शेडमध्ये असली की काहींची शिदोरी आठव्या दिवशीच संपते, काहींची पंधराव्या दिवसापर्यंत पुरते. म्हणून माझ्या मते नुसत्या सरासरीवर तारीख ठरवू नये. वीसेक पिल्लांचं रक्त तपासावं आणि आकडे किती पसरलेत तेही पाहावं. गंबोरोचं जनुक घातलेल्या एचव्हीटी (टर्कीचा निरुपद्रवी हर्पिस विषाणू) लसी हॅचरीत (उबवणी केंद्रात) पहिल्याच दिवशी चालतात, कारण तो विषाणू पेशींच्या आत दडलेला असतो. तिथे ही कसरत बरीचशी टळते.

मर सुरू झाल्यावर बलकातून काढलेल्या अँटीबॉडीचं इंजेक्शन देतात, तीही उसनीच. लवकर दिली तर काही पक्षी वाचतात. पण तिच्या मागोमाग गंबोरोची जिवंत लस पाजली, तर ती पुन्हा त्याच कारणाने वाया जाते.