चप्पल निसटली, कळलंच नाही

मामांच्या डाव्या तळव्यात रुतलेला तारेचा तुकडा ड्रेसिंगच्या टेबलावरच पहिल्यांदा दिसला. द्राक्षबागेच्या मांडवाची तार, जेमतेम नखाएवढी. निफाड तालुक्यातली बाग, ऐन फवारणीचे दिवस. गमबुटात पडलेल्या त्या तुकड्यावर मामा दोन दिवस उभे होते. सिस्टरनी विचारलं, "काका, दुखलं नाही का हो?"

"नाही ना ताई. दुखलं असतं तर बूट काढून पाहिलाच असता."

मधुमेहातल्या पायाच्या जखमेचं सगळं मर्म या उत्तरात आहे. बरीच वर्षं रक्तात साखर जास्त राहिली की नसा खराब होतात, आणि सगळ्यात लांब नसा आधी. कंबरेपासून पायाच्या बोटांपर्यंत जाणाऱ्या नसा शरीरात सर्वांत लांब, म्हणून बधिरपणा बोटांपासून सुरू होतो आणि मोजा चढवावा तसा वर सरकतो. आधी मुंग्या येतात, मग कापसावर चालल्यासारखं वाटतं, मग काहीच वाटत नाही. मामांची चप्पल वर्षभर आधीपासून चालता चालता निसटायची, मामी मागून उचलून आणायच्या. आम्ही सगळे म्हणायचो, वय झालं. ती वयाची नाही, नसांची खूण होती.

नसा फक्त वेदनाच सांगत नाहीत. घामाच्या ग्रंथी त्यांच्याच हुकमात असतात. तो हुकूम थांबला की कातडी कोरडी पडते, टाचेला भेगा जातात. पावलाच्या आतले लहान स्नायू दुबळे होतात, बोटं आकड्यासारखी वळतात आणि बोटांच्या मुळाशी असलेली हाडं तळव्यावर खाली दाबली जातात. जिथे दाब, तिथे घट्टा. हा घट्टाच मग बुटातल्या खड्यासारखं काम करतो: खालचं मांस चिरडतं, आत रक्त साकळतं आणि एक दिवस कातडी फाटते. अशा वेळी घरी ब्लेडने घट्टा कापणं, भेगांना बिबा लावणं किंवा गरम पाण्यात पाय सोडून बसणं किती धोक्याचं आहे, हे वेगळं सांगायला नको. पाणी किती गरम आहे हेच त्या पायाला कळत नाही.

हे कोडं सोडवायला मदत झाली ती कुष्ठरोगाच्या अभ्यासाची. डॉ. पॉल ब्रँड यांचा जन्म 1914 साली तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरांत झाला. वेल्लोरला काम करताना त्यांनी दाखवून दिलं की कुष्ठरुग्णांची बोटं रोगाने आपोआप झडत नाहीत. वेदना न कळल्यामुळे रोजच्या वापरातच ती जखमी होत जातात. पुढे अमेरिकेतल्या कारव्हिलला त्यांनी हाच विचार मधुमेहींच्या पायांना लावला. जखमेचा भार सगळ्या पावलावर वाटून देणारं प्लास्टर रुजण्यात त्यांच्या कामाचा मोठा वाटा आहे.

मामांच्या बाबतीत हा भाराचा विचार तीन महिने कोणीच केला नाही, आणि याचं मला आजही वाईट वाटतं. एका ठिकाणी मलम आणि पट्टी, दुसरीकडे साखरेच्या गोळ्या वाढवल्या, तिसरीकडे अँटिबायोटिकचे कोर्स. प्रत्येकाने आपापल्या परीने नीट केलं. पण मामा त्याच पायाने रोज बागेत जात होते, आणि फाइलमध्ये त्यांच्या चपलेबद्दल एक ओळही नव्हती. वरून पट्टी बदलायची आणि खालून शरीराचं सगळं वजन त्या जखमेवर टाकायचं, तर ती भरणार कशी?

शेवटी नाशिकमध्येच एका ठिकाणी सगळे एकत्र भेटले. मधुमेहाचे डॉक्टर, सर्जन, ड्रेसिंगच्या सिस्टर, फिजिओथेरपिस्ट आणि चपला बनवणारे कारागीर एकाच कागदावर लिहीत होते. पहिल्या दिवशी सिस्टरनी नायलॉनचा एक दोरा घेतला. दहा ग्रॅमचा दाब पडला की तो वाकतो. आधी तो मामांच्या हाताला टेकवला, "असं वाटलं की हो म्हणायचं." मग डोळे मिटायला सांगून तळव्याला. मामा गप्प. दोरा वाकला, सुटला, पुन्हा वाकला. मामी तोंडाला पदर लावून बघत होत्या.

मग रक्तपुरवठा. पावलाची नाडी हाताने पाहिली आणि पायाच्या बोटातला रक्तदाबही मोजला, कारण मधुमेहात धमन्या कडक झाल्या असतील तर घोट्याशी मोजलेला दाब फसवा चांगला येतो. रक्तच पोचत नसेल तर आधी रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे जायचं. नुसतं ड्रेसिंग करत राहण्यात अर्थ नसतो. मामांचं रक्त पोचत होतं. सळईने चाचपून जखम हाडापर्यंत गेलेली नाही हेही पाहिलं. जखमेत जंतुसंसर्गाची लक्षणं नव्हती, म्हणून अँटिबायोटिक बंद झालं. आम्हाला धक्काच बसला. पण संसर्ग नसलेल्या जखमेला अँटिबायोटिकने लवकर भरून येण्याची मदत होत नाही.

आजूबाजूचा घट्टा आणि मेलेलं मांस काढून गुडघ्याखालपर्यंत प्लास्टर घातलं. मामांनी विचारलं, "काढता येईल असं नाही का काही?" असतं, पण 2003 साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात काढता येणारा बूट दिलेल्या रुग्णांची पावलं मोजली गेली. रोजच्या पावलांपैकी जेमतेम 28 टक्के पावलं त्या बुटात पडली होती. घरात कोण घालतंय, असं सगळ्यांनाच वाटतं. म्हणून तळव्याच्या अशा जखमेला, संसर्ग नसेल आणि रक्त पोचत असेल तर, न काढता येणारं साधन पहिल्या पसंतीचं.

दर आठवड्याला प्लास्टर बदलताना सिस्टर पारदर्शक कागदावर जखमेची कड पेनाने काढायच्या आणि तारीख घालायच्या. चार आठवड्यांत क्षेत्रफळ निम्म्यावर आलं नाही तर कुठेतरी चुकतंय, पुन्हा पहिल्यापासून तपासायचं, हा नियम. मामांचं चौथ्या आठवड्यात निम्म्याच्या खाली आलं. फिजिओथेरपिस्टनी काठी धरून चालायला शिकवलं. त्या काळात बाग भाच्यांनी सांभाळली, आणि तीही उपचार करणारी टीमच होती असं मी म्हणेन. शेतकऱ्याला "पाय टेकू नका" सांगणं सोपं असतं, पण फवारणी कोण करणार याचं उत्तरही कुणीतरी द्यावं लागतं.

आपल्या नाशिकला अनवाणी चालण्याची मोठी परंपरा आहे. श्रावणी सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी, चैत्रात सप्तशृंगगडाची वाट, रामकुंडावरचे भर दुपारचे तापलेले दगड, आणि 2027 मध्ये सिंहस्थ. ही श्रद्धा मला मोलाची वाटते. पण ज्याची चप्पल न कळत निसटते, त्याने पाण्याच्या पायरीपर्यंत मागे पट्टा असलेली मऊ चप्पल घालूनच जावं.

भरलेली जखम वर्षभरात परत होण्याचं प्रमाण सुमारे 40 टक्के आहे. म्हणून मामी रोज रात्री मोबाइलच्या टॉर्चने दोन्ही तळवे, बोटांच्या बेचक्या पाहतात आणि जागोजागी तापमापक लावतात. दोन्ही पायांच्या एकाच जागेत 2.2 अंश सेल्सिअसपेक्षा जास्त फरक दोन दिवस सलग दिसला, तर कातडी फाटायच्या आधीच आत काहीतरी सुरू झालेलं असू शकतं. जानेवारीत, काढणीच्या गडबडीत, डावा अंगठा असा गरम लागला. मामींनी त्याच रात्री सिस्टरना फोन केला. मामा चार दिवस खाटेवर. नवा घट्टा होता. तो तिथेच, दवाखान्यात, तासून काढला.