ड्रमर नसताना

अमेरिकन वादक लॅरी ग्रॅहमने बेस गिटार, म्हणजे खर्जाची गिटार, हातात घेतली ती नाइलाजाने. साठच्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या क्लबांमध्ये तो आईबरोबर कार्यक्रम करायचा. आई पियानोवर, हा गिटारवर, आणि खर्जाची बाजू ऑर्गनच्या पायपट्ट्यांवर. एक दिवस ऑर्गन बिघडला. दुरुस्त होईपर्यंत वेळ निभावावी म्हणून त्याने भाड्याने बेस आणली. पुढे आईने ड्रमरशिवायच कार्यक्रम करायचे ठरवले. मग ठेका कोण धरणार? लॅरी अंगठ्याने जाड तार ठोकू लागला, ती बेस ड्रमच्या जागी. बारीक तार बोटाने ओढून फट्कन सोडू लागला, ती कडक आवाजाच्या स्नेअर ड्रमच्या जागी. जग याला ‘स्लॅप’ म्हणतं. तो स्वतः ‘थम्पिंग अँड प्लकिंग’ म्हणतो.

या ठोकण्याने आवाजात नेमकं काय बदलतं? बेस गिटारच्या सर्वांत जाड तारेचा मूळ स्वर सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा, म्हणजे ४१ हर्ट्‌झचा असतो. तिथे आपला कान जवळजवळ बहिराच. १००० हर्ट्‌झचा आवाज जेमतेम ऐकू येऊ लागतो, त्याच्यापेक्षा सुमारे ५० डेसिबल जास्त जोर असेल तेव्हा कुठे ४० हर्ट्‌झचा आवाज कानाला जाणवतो. ५० डेसिबल म्हणजे ऊर्जेच्या हिशेबात लाखपट! बोटाच्या पेराने हळुवार छेडलेली बेस म्हणूनच गाण्यात विरघळून जाते. असते, पण दिसत नाही.

अंगठ्याचा फटका बसला की तार खालच्या धातूच्या पडद्यांवर आदळून परत उसळते. त्या टकरीतून मूळ स्वराच्या पटीतली वरची कंपनं भसाभस जागी होतात, पार काही हजार हर्ट्‌झपर्यंत. कान तिथेच सर्वांत तल्लख. स्वर खर्जातलाच राहतो, पण त्याला ‘टक्’ अशी धार येते. मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी ज्याने कान देऊन ऐकली आहे, त्याला हे तत्त्व परकं वाटणार नाही. तिथेही तार घोडीला घासत राहते आणि वरचे स्वर उमलतात, सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये त्यावर लिहिलं होतं. फरक एवढाच, की तंबोरा ते काम गोंजारून करतो आणि लॅरी थोबाडीत देऊन.

या लॅरीला सिल्व्हेस्टर स्टुअर्टने, म्हणजे स्लाय स्टोनने उचललं. स्लाय तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोत रेडिओवर निवेदक होता. १९६६ मध्ये त्याने ‘स्लाय अँड द फॅमिली स्टोन’ हा बँड बांधला. भाऊ फ्रेडी गिटारवर, सिंथिया रॉबिन्सन ट्रम्पेटवर, जेरी मार्टिनी सॅक्सोफोनवर, ग्रेग एरिको ड्रमवर. बहीण रोझ थोडी नंतर आली. काळे-गोरे, बायका-पुरुष एकाच रंगमंचावर, आणि बायका नुसत्या मागे उभ्या राहून गाणाऱ्या नव्हेत. त्या काळच्या अमेरिकेत हे सहज खपणारं नव्हतं. ऑगस्ट १९६९ मध्ये वुडस्टॉकच्या महोत्सवात त्यांनी पहाटेच्या अंधारात लाखोंचा जमाव उठवून नाचवला.

हा बँड वाजवायचा ते फंक, म्हणजे काळ्या अमेरिकनांचं ठेक्यावर उभं असलेलं नाचाचं संगीत. त्याची सम गायक जेम्स ब्राउनने पक्की केली होती: पहिल्या मात्रेवर वजन. स्लायच्या मंडळींनी समेच्या अवतीभवतीच्या जागा खेळत्या ठेवल्या. ठोका हवा तिथे न देता जरा अलीकडे-पलीकडे द्यायचा. आपल्याकडे अतीत-अनाघात म्हणतात त्या जातीचं हे काम. २०१४ मध्ये संशोधक मारिया विटेक आणि सहकाऱ्यांनी ६६ जणांना ड्रमचे ५० तुकडे ऐकवले. त्यात खऱ्या फंक गाण्यांतले तुकडे बरेच होते. अगदी सरळ ठेक्यावर हलावंसं फारसं वाटलं नाही, फार गुंतागुंतीच्यावरही नाही. मधल्यावर मात्र सर्वाधिक. स्पष्टीकरण असं देतात, की मेंदू पुढचा ठोका कुठे पडणार याचा अंदाज बांधत असतो आणि ठोका चुकला की ती रिकामी जागा शरीर भरून काढतं. सगळेच अंदाज चुकले, तर मात्र मेंदू नाद सोडतो. मला हे पटतं. १९६९ च्या अखेरीस आलेलं स्लायच्या बँडचं ‘थँक यू’ ऐकताना पाय जिथे थिरकतो, तिथे बऱ्याचदा काहीच वाजत नसतं.

१९७१ मध्ये एरिको सोडून गेला. पुन्हा ड्रमर नाही! स्लायने जवळ केलं ते एक खोकं, मेस्ट्रो र्‍हिदम किंग. घरी हौसेने ऑर्गन वाजवणाऱ्यांना साथ म्हणून अशी यंत्रं विकली जात: बोसानोव्हासारख्या ठरीव ठेक्यांची बटणं दाबायची, बस. आत कुठलाही ड्रम ध्वनिमुद्रित केलेला नसतो. एक विद्युत मंडल (सर्किट) विजेची लहर उठवून झटकन विझवतं, तो झाला ‘धप्’. दुसरं विजेची खरखर चाळून सोडतं, तो झाला ‘चिस्’. या खोक्यावर ‘फॅमिली अफेअर’ उभं राहिलं आणि १९७१ च्या डिसेंबरात अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. ड्रम मशीनच्या जिवावर तिथे पोचलेलं हे पहिलं गाणं मानतात.

हे गाणं ज्यात आहे त्या ‘देअर्स अ रायट गोइंग ऑन’ या अल्बमचा आवाज कोंदट आहे, आणि त्याचं कारण चुंबकीय टेपमध्ये आहे. स्लाय एकाच टेपवर मुद्रण करी, पुसे, परत करी. दर फेरीला टेप यंत्राच्या ‘हेड’वर, म्हणजे आवाज उमटवणाऱ्या-वाचणाऱ्या भागावर, घासते, तिच्यावरचा लोहाच्या ऑक्साइडचा थर झिजतो. आधी वरचे, तलम स्वर जातात आणि मागे सुसकारा उरतो. एरवी हा दोषच म्हटला असता. इथे मात्र त्या उदास गाण्यांना तो असा शोभतो, की साफ केलेली प्रत कोणी दिली तरी मी घेणार नाही.

पुढे व्यसनांनी आणि भांडणांनी बँड विस्कटला. १९७२ मध्ये लॅरीही गेला. त्या सुमारास हर्बी हॅनकॉक, माइल्स डेव्हिससारख्या जॅझवाल्यांनी त्यांच्याकडून घ्यायचं ते घेतलं. हॅनकॉकने तर १९७३ मधल्या एका रचनेला नावच ‘स्लाय’ दिलं. स्वतः स्लाय जून २०२५ मध्ये गेला.

हेडफोन असतील तर १९७३ च्या ‘फ्रेश’मधलं पहिलं गाणं, ‘इन टाइम’, लावून पाहा. खोकं आपलं टिकटिकत असतं. त्याच्या शेजारी अँडी न्यूमार्क खरे ड्रम वाजवतोय, आणि यंत्र जिथे ठोका देतं ती जागा तो सहसा टाळतोय.