बिल्डर जागा नावावर करून देत नाही? कोल्हापुरातल्या अपार्टमेंट आणि सोसायटीवाल्यांसाठी डीम्ड कन्व्हेयन्सची माहिती

फ्लॅट आपल्या नावावर, घरफाळा आपण भरतोय, लाईट बिल आपल्या नावचं, म्हणजे सगळं झालं असं बऱ्याच जणांना वाटतंय. पण राजारामपुरी, ताराबाई पार्क, नागाळा पार्क, कुठल्याही जुन्या बिल्डिंगमध्ये राहत असाल तर एकदा सिटी सर्वेतून जागेचं प्रॉपर्टी कार्ड काढून बघा (कळंबा, पाचगाव, उजळाईवाडीकडं असाल तर सातबारा), जागेवर मूळ मालकाचं नाहीतर त्याच्या वारसांचंच नाव असायची शक्यता भरपूर आहे. आणि मग बिल्डिंग पाडून नवी बांधायची वेळ आली, वाढीव एफएसआयचा (जागेवर किती बांधकाम करता येतंय त्या प्रमाणाचा) विषय निघाला की हेच वारस समोर येऊन उभे राहतात, त्यामुळं जागा आपल्या सोसायटीच्या किंवा असोसिएशनच्या नावावर करून घ्यायचं हे काम बिल्डिंग धड असतानाच उरकून घ्या असं माझं अगदी कळकळीचं सांगणं आहे.

कायदा आपल्या बाजूचा आहे. १९६३ चा मोफा कायदा, म्हणजे महाराष्ट्राचा फ्लॅट मालकीबद्दलचा कायदा, त्यातलं कलम ११. सोसायटी रजिस्टर झाल्यावर चार महिन्यांत बिल्डरनं जागा आणि इमारत तिच्या नावावर करून द्यायची, असं नियमातच आहे. तो देत नसेल, गाव सोडून गेला असेल, वारला असेल, तर २००८ च्या दुरुस्तीनं मार्ग काढलाय, जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडं अर्ज करायचा आणि त्यांच्या आदेशावर बिल्डरच्या सहीशिवाय दस्त नोंदवायचा. यालाच डीम्ड कन्व्हेयन्स आणि सरकारी भाषेत मानीव अभिहस्तांतरण म्हणतात.

आता अर्ज कोण करू शकतंय? इथं कोल्हापुरात गोंधळ जास्त होतोय, कारण आपल्याकडं सोसायटीपेक्षा घोषणापत्र केलेली अपार्टमेंट बऱ्याच ठिकाणी दिसतात, म्हणजे १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालची. तुमच्या बिल्डिंगचं डिक्लरेशन (हेच ते घोषणापत्र) झालंय आणि तुमच्याकडं रजिस्टर डीड ऑफ अपार्टमेंट (फ्लॅटचा मालकीचा दस्त) आहे, तर जागेतला अविभक्त हिस्सा टक्क्यांत तुमच्याकडं आधीच आलेला असतोय, तो दस्तात शोधा, लिहिलेला सापडेल. पण नुसतं साठेखत (पुढं विक्री करण्याचा करार) करून बिल्डरनं हात वर केलेले असतील तर अडचण आहे. कलम ११ खाली सोसायटीसारखाच अपार्टमेंटधारकांच्या असोसिएशनलाही अर्ज करता येतोय. म्हणून वकिलाकडं जायच्या आधी घरातली फाईल उघडून आपण सोसायटी आहोत का अपार्टमेंट तेवढं नक्की करा, निम्मा वेळ तिथंच वाचतोय.

कागदपत्रांचं बघू. नमुना ७ मधला अर्ज, त्याला २००० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. सोसायटी नोंदणीचा दाखला नाहीतर घोषणापत्राची प्रत. सभेचा ठराव, त्यात सह्या कोण करणार त्यांची नावं. सगळ्या फ्लॅटधारकांची यादी, प्रत्येकाचा रजिस्टर करार आणि इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाकडचा दस्ताचा गोषवारा). ताजं प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा, महापालिकेचा मंजूर नकाशा, बिल्डरला पाठवलेल्या नोटिशीची प्रत आणि पोहोच. एका प्लॉटवर दोन-तीन बिल्डिंगा असतील तर कुठल्या बिल्डिंगला किती जागा येते याचा आर्किटेक्टचा दाखला पण लागतोय, आणि हा दाखला नीट बनवून घ्या, पुढं क्षेत्रफळावरूनच सगळी भांडणं लागतात.

भोगवटा प्रमाणपत्र (बिल्डिंग राहायला वापरता येईल असा दाखला) नाही म्हणून कित्येक जण गप्प बसलेत. तसं बसू नका. २२ जून २०१८ च्या शासन निर्णयानं ते नसेल तर सभासदांचं स्वयंघोषणापत्र चालतंय.

खरी दमछाक होते ती करारांची. वीस फ्लॅटमध्ये एखादा तरी असा निघतोच की ज्याचा करार साध्या स्टॅम्पवर झालाय, रजिस्टरच नाही, किंवा तिसऱ्या मालकाकडं पहिल्या मालकाचा करारच नाही. हरवलेल्या दस्ताची नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयातून काढता येते, पण कमी स्टॅम्प ड्युटी असेल तर फरक आणि दंड भरूनच पुढं जावं लागतंय, आणि तो पैसा कोण भरणार यावर सभेत आवाज चढतो. माझं मत विचाराल तर ज्याचा फ्लॅट त्यानं भरावा, पण पैशाची खरंच अडचण असेल तर असोसिएशननं तात्पुरते घालून नंतर मेंटेनन्समधून वळते करून घ्यावेत, एकापायी सगळी बिल्डिंग अडून बसण्यापेक्षा ते परवडलं.

अर्जात बिल्डर आणि मूळ जागामालक दोघांनाही पार्टी करा, मालक वारला असेल तर सगळे वारस, मुली पण, एकही सोडू नका. मग त्यांना नोटीस जाते, सुनावणी होते, त्यांना म्हणणं मांडायची संधी मिळते. निकाल सहा महिन्यांच्या आत द्यावा असं कायद्यात आहे, तारखांवर मात्र हजर राहा. आदेशानं मालकीचा वाद कायमचा मिटतो असं समजू नका हं, समोरच्याला दिवाणी कोर्टात जायला वाट मोकळी असते, सुप्रीम कोर्टानं २०२५ मध्ये हे स्पष्ट केलंय. आणि आदेश आपल्या विरोधात गेला तर हायकोर्टात रिट करायला आता मुंबई गाठायला नको, १८ ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच इथंच सुरू झालंय.

आदेश आणि सर्टिफिकेट हातात आलं की पेढे वाटून बरेच जण थांबतात, आणि तिथंच काम अर्धं राहतंय. कन्व्हेयन्सचा मसुदा मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडं अभिनिर्णयाला, म्हणजे किती स्टॅम्प ड्युटी लागते ते ठरवायला द्यायचा. सगळ्यांनी फ्लॅट घेताना पूर्ण ड्युटी भरलेली असेल तर ती इथं धरली जाते, पुन्हा बाजारभावावर भरावी लागत नाही. त्यानंतर दुय्यम निबंधकाकडं नोंदणी, तिथूनही बिल्डरला नोटीस जाते, आला नाही तरी दस्त होतोय. दस्त झाला की लगेच सिटी सर्वेत नाहीतर तलाठ्याकडं नोंदीचा अर्ज द्या, आणि नवीन कार्ड आलं की वॉर्ड, सिटी सर्वे नंबर, क्षेत्रफळ आणि असोसिएशनचं पूर्ण नाव आदेशाशी शब्दन्‌शब्द ताडून बघा, चूक असेल तर तिथल्या तिथं दुरुस्तीचा अर्ज टाका.