विरोधापलीकडचा जाहीरनामा

सत्तेविरुद्ध उभ्या राहिलेल्या पुरोगामी चळवळींना एक प्रश्न हमखास विचारला जातो : तुम्हाला काय नको ते समजले, आता हवे काय ते सांगा. बहुतेक वेळा तो समोरच्याला गप्प करण्यासाठीच विचारलेला असतो, त्यामुळे कार्यकर्ते तो फारसा मनावर घेत नाहीत. रोज नवा हुकूम, नवी अटक, नवा कायदा येऊन आदळत असताना आधी तो थोपवायचा की उद्याच्या समाजाची रूपरेषा मांडत बसायचे, हा त्यांचा प्रतिप्रश्नही रास्तच असतो. तरीही विसाव्या शतकात ज्या चळवळींनी आपापल्या देशाच्या घडणीवर ठसा उमटवला, त्यांपैकी अनेकींनी हा प्रश्न स्वतःहून अंगावर घेतला होता, आणि तोही विजय दृष्टिपथात येण्यापूर्वी. त्याची किंमतही त्यांना मोजावी लागली, कारण नकारावर एकवटलेली माणसे होकाराच्या मजकुरावर एकत्र राहतीलच असे नाही.

मार्च १९३१ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन कराचीत भरले, तेव्हा वातावरण भविष्याची स्वप्ने रंगवण्यासारखे मुळीच नव्हते. मिठाच्या सत्याग्रहानंतर ५ मार्चला गांधी-आयर्विन करार झाला होता. त्यातून भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांची फाशी टळली नाही म्हणून तरुणांमध्ये राग धुमसत होता, आणि अधिवेशनाच्या तोंडावर, २३ मार्चला, तिघांनाही लाहोरात फाशी देण्यात आली. कराचीत गांधींना तरुणांच्या निदर्शनांना आणि काळ्या झेंड्यांना सामोरे जावे लागले. अशा वेळी वल्लभभाई पटेल यांच्या अध्यक्षतेखाली या अधिवेशनाने मूलभूत हक्क आणि आर्थिक कार्यक्रम यांविषयीचा ठराव संमत केला. मसुदा मुख्यतः जवाहरलाल नेहरूंचा होता आणि त्याला गांधींची संमती होती. काँग्रेसला अभिप्रेत असलेल्या स्वराज्याने आपल्या वाट्याला नेमके काय येणार हे सामान्य जनतेला उमगावे, म्हणून तिला सहज कळेल अशा रीतीने भूमिका मांडणे इष्ट आहे, असे कारण ठरावानेच दिले होते.

पुढची कलमे त्या कारणाला जागणारी आहेत. भाषणाचे आणि संघटनेचे स्वातंत्र्य, जात-धर्म-लिंग यांवरून सार्वजनिक जीवनात भेद नाही, धर्मांच्या बाबतीत राज्यसंस्था तटस्थ, प्रौढ मताधिकार, मोफत प्राथमिक शिक्षण, कामगाराला जगता येईल इतके वेतन, मिठावर कर नाही, लष्करी खर्च किमान निम्म्यावर आणि सरकारी अधिकाऱ्याचा पगार सामान्यतः महिना ५०० रुपयांच्या आत. शेवटचे कलम स्वातंत्र्यानंतर कुणी मनावर घेतले नाही, हे सांगायला नकोच. पण मालमत्ता आणि शिक्षण यांच्या अटींमुळे मताधिकार मूठभरांपुरता मर्यादित असलेल्या काळात सर्व प्रौढांना मत देण्याचा शब्द काँग्रेसने राज्यघटना लागू होण्याच्या १९ वर्षे आधी दिला होता. जमिनीच्या प्रश्नावर मात्र ठरावाने हात राखला : खंड आणि सारा कमी करण्याची भाषा त्यात आहे, जमीनदारी नष्ट करण्याची नाही. जमीनदार आणि कुळे दोघेही एकाच छत्राखाली हवे असले की लेखणी कुठे अडखळते, ते इथे स्वच्छ दिसते.

युरोपात हीच गोष्ट दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घडली. ब्रिटनमध्ये १ डिसेंबर १९४२ रोजी सामाजिक विम्यावरचा बेव्हरिज अहवाल प्रसिद्ध झाला आणि एका रुक्ष सरकारी दस्तऐवजासाठी लोकांनी रांगा लावल्या. मात्र तो सरकारने नेमलेल्या समितीचा अहवाल होता. फ्रान्समध्ये असे काम भूमिगतांनी केले. नाझींच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये २७ मे १९४३ रोजी भूमिगत नेते जाँ मूलँ यांनी प्रतिकाराच्या विखुरलेल्या गटांना, राजकीय पक्षांना आणि कामगार संघटनांना एका राष्ट्रीय परिषदेत आणले. महिनाभराच्या आत ते पकडले गेले आणि जुलैमध्ये छळानंतर मरण पावले. परिषद मात्र टिकली, आणि १५ मार्च १९४४ रोजी, म्हणजे दोस्त सैन्य नॉर्मंडीत उतरण्याच्या सुमारे तीन महिने आधी, तिने आपला कार्यक्रम मंजूर केला. त्याचा पहिला भाग शत्रूशी लढण्याविषयी होता आणि दुसरा मुक्तीनंतर काय करायचे याविषयी : सर्वांसाठी सामाजिक सुरक्षेची योजना, म्हातारपणी सन्मानाने जगता येईल असे निवृत्तिवेतन, ऊर्जास्रोत, विमा कंपन्या आणि मोठ्या बँका राष्ट्राच्या मालकीच्या, वृत्तपत्रे पैशाच्या सत्तेपासून मुक्त. कम्युनिस्टांपासून उजव्या बाजूच्या देशभक्तांपर्यंत सर्वांची त्याला मान्यता होती. ऑक्टोबर १९४५ च्या अध्यादेशांनी सामाजिक सुरक्षेची व्यवस्था उभी राहिली आणि १९४६ मध्ये वीज आणि गॅस यांचे राष्ट्रीयीकरण झाले. स्त्रियांच्या मताधिकाराचा उल्लेख मात्र या कार्यक्रमात नव्हता. तो एप्रिल १९४४ मध्ये अल्जियर्सहून निघालेल्या स्वतंत्र अध्यादेशाने मिळाला. ज्या प्रतिकारात स्त्रियांनी जिवावर उदार होऊन काम केले, त्याच्याच कार्यक्रमात त्यांचा विसर पडावा, ही उणीव लहान म्हणता येणार नाही.

कराची काय किंवा पॅरिस काय, मसुदा मोजक्या लोकांनीच लिहिला होता. दक्षिण आफ्रिकेत वेगळे घडले. अन्याय्य कायदे जाणूनबुजून मोडण्याच्या १९५२ च्या मोहिमेत आठ हजारांहून अधिक लोकांनी अटक पत्करली, पण वर्णभेदाची चौकट तसूभरही हलली नाही, उलट सरकारने कायदे आणखी कडक केले. या कोंडीत प्राध्यापक झेड. के. मॅथ्यूज यांनी १९५३ मध्ये सूचना केली की सर्व वंशांच्या लोकांची परिषद बोलवावी आणि उद्याच्या लोकशाही दक्षिण आफ्रिकेसाठी सनद तयार करावी. आफ्रिकन नॅशनल काँग्रेस आणि तिच्या भारतीय, मिश्रवर्णीय आणि गोऱ्या सहकारी संघटनांनी ही कल्पना उचलली आणि स्वयंसेवकांना वस्त्यांमध्ये, कारखान्यांमध्ये आणि खेड्यांमध्ये धाडले. त्यांनी एकच विचारायचे होते : कायदे करणे तुमच्या हाती असते तर तुम्ही काय केले असते? उत्तरे वह्यांच्या फाडलेल्या पानांवर, कागदाच्या चिटोऱ्यांवर, परिषदेच्याच पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहून आली. कुणाला घर हवे होते, कुणाला जमीन, कुणाला मुलांसाठी शाळा, कुणाला काळ्यांच्या हिंडण्याफिरण्यावर परवान्याची सक्ती करणाऱ्या पासाच्या कायद्यापासून सुटका.

या ढिगातून तयार झालेली स्वातंत्र्याची सनद २५ आणि २६ जून १९५५ रोजी जोहान्सबर्गजवळच्या क्लिपटाउनमधल्या एका मोकळ्या मैदानावर वाचली गेली. २,८४४ प्रतिनिधी हजर होते. नेल्सन मंडेलांवर सभाबंदी असल्यामुळे त्यांना गर्दीच्या कडेला राहून हे सारे पाहावे लागले. दुसऱ्या दिवशी दुपारी सशस्त्र पोलिसांनी मैदानाला वेढा घातला, व्यासपीठ ताब्यात घेतले, कागदपत्रे जप्त केली आणि प्रतिनिधींची नावे टिपून घेतली. तरीही कलमे मोठ्याने वाचली जात राहिली आणि एकेक मंजूर होत राहिले. ‘दक्षिण आफ्रिका इथे राहणाऱ्या सर्वांची आहे, काळ्यांची आणि गोऱ्यांचीही’ हे तिचे पायाभूत वाक्य.

याच वाक्याने घर फुटले. ही भूमी मूळ आफ्रिकनांची आहे, ती लुटणाऱ्यांना बरोबरीचे वाटेकरी कसे करायचे, असा आफ्रिकनवाद्यांचा सवाल होता आणि त्यातून १९५९ मध्ये पॅन आफ्रिकनिस्ट काँग्रेस वेगळी झाली. दुसरीकडे सरकारने हीच सनद कटाचा पुरावा ठरवली. डिसेंबर १९५६ मध्ये १५६ जणांना राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडण्यात आले. काहींवरचे आरोप वाटेत मागे घेतले गेले आणि मार्च १९६१ मध्ये न्यायालयाने उरलेल्या सर्वांना निर्दोष सोडले. नुसत्या निषेधाच्या भाषणांपेक्षा घरे, शाळा आणि खाणी यांविषयीच्या कलमांना सरकार अधिक बिचकले, असे या खटल्याकडे पाहून म्हणावेसे वाटते. १९९६ च्या राज्यघटनेच्या उद्देशिकेत सनदेचे ते वाक्य सुटसुटीत रूपात आले. खाणी आणि बँका जनतेच्या मालकीच्या करण्याचे कलम मात्र सत्ता हाती आल्यावर बाजूला ठेवले गेले, आणि त्यावरचा वाद तिथे आजही मिटलेला नाही.

अमेरिकेत या प्रश्नाची सर्वांत नेमकी मांडणी केली ती बेयार्ड रस्टिन यांनी. २८ ऑगस्ट १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाचे ते मुख्य संयोजक होते, आणि मोर्चाच्या नावातच ‘रोजगार’ आणि ‘स्वातंत्र्य’ हे दोन शब्द शेजारी होते. फेब्रुवारी १९६५ मध्ये लिहिलेल्या लेखात त्यांनी चळवळीला निषेधाकडून राजकारणाकडे जायला सांगितले. उपाहारगृहात काळ्या माणसाला बसू द्यायला सरकारी तिजोरीतून काही जात नाही, पण तिथे जेवण्याइतकी कमाई असलेली नोकरी, राहण्याजोगे घर आणि बरी शाळा हवी असेल तर अर्थव्यवस्थेलाच हात घालावा लागतो, आणि तो घालायचा तर बहुमत जमवावे लागते, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुढच्याच वर्षी कामगार नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांच्यासह त्यांनी ‘स्वातंत्र्याचा अर्थसंकल्प’ मांडला : दहा वर्षांत सुमारे १८५ अब्ज डॉलर खर्च करून सर्वांना रोजगार, किमान उत्पन्न, घरे आणि आरोग्यसेवा देण्याची आकडेवार योजना. मार्टिन ल्यूथर किंग यांनी तिला पाठिंबा दिला. तोवर व्हिएतनाम युद्ध पेटले होते. त्याविषयी या योजनेने मौन पाळले म्हणून युद्धविरोधी डावे तिच्यावर रुष्ट झाले, तर युद्धाचा खर्च वाढत असताना एवढा पैसा गरिबीवर खर्च करायला अमेरिकेची संसद तयार नव्हती. योजना कागदावरच राहिली. रस्टिन यांचे निदान अचूक होते, पण बहुमत टिकवण्यासाठी ज्या विषयाला त्यांनी बगल दिली त्यानेच त्यांची तरुण मंडळी दुरावली.

सर्वांना रोजगार देण्याची ती मागणी अर्ध्या शतकानंतर दुसऱ्या रूपात परतली. डोनाल्ड ट्रम्प यांच्या शपथविधीच्या दुसऱ्याच दिवशी, २१ जानेवारी २०१७ रोजी, अमेरिकेच्या शहराशहरांत स्त्रियांचे प्रचंड मोर्चे निघाले आणि पुढची दोन वर्षे विरोधी राजकारणाची ओळखच ‘प्रतिकार’ अशी होती. ओबामांचा आरोग्य कायदा मोडीत काढण्याचा प्रयत्न जुलै २०१७ मध्ये सिनेटमध्ये ४९ विरुद्ध ५१ मतांनी फसला, तो या दबावाचा ठोस परिणाम म्हणता येईल. असलेले राखण्यात हा प्रतिकार तरबेज निघाला. नव्याची रूपरेषा मांडण्याचा ठळक प्रयत्न ७ फेब्रुवारी २०१९ रोजी अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ आणि एड मार्की या डेमोक्रॅट लोकप्रतिनिधींनी मांडलेल्या हरित नवकराराच्या ठरावातून झाला, ज्यात हवामानबदलाला उत्तर आणि रोजगाराची हमी एकत्र गुंफली होती. त्याच वर्षी मार्चमध्ये रिपब्लिकनांनी तो मुद्दाम सिनेटमध्ये मताला आणला, तेव्हा ५७ मते विरुद्ध पडली आणि बाजूने एकही नाही. बहुतेक डेमोक्रॅट सदस्यांनी फक्त ‘उपस्थित’ अशी नोंद केली. हा सापळा टाळण्याचा डाव होता हे खरे, पण पक्षातले मतभेदही त्यानेच झाकले गेले.

आशेचे राजकारण म्हटले की चिलीचे उदाहरण हटकून दिले जाते, आणि बहुतेकदा ते अर्धेच सांगितले जाते. लष्करी हुकूमशहा ऑगुस्तो पिनोशे यांनी आणखी आठ वर्षे सत्तेवर राहावे की नाही, यावर ५ ऑक्टोबर १९८८ रोजी सार्वमत ठरले, आणि दोन्ही बाजूंना दूरचित्रवाणीवर रोज पंधरा मिनिटे मिळाली. विरोधकांना पंधरा वर्षांतले खून, छळ आणि बेपत्ता माणसे यांचा हिशेब मांडायचा होता. प्रचार आखणाऱ्यांचे म्हणणे असे की भीतीने ग्रासलेल्या मतदाराला आणखी भीती दाखवली तर तो घरातच बसेल. अखेर इंद्रधनुष्याचे चिन्ह आणि ‘आनंद येतो आहे’ ही घोषणा ठरली. मेलेल्यांची ही थट्टा आहे, असे आघाडीतल्याच अनेकांना वाटले. पण त्या पंधरा मिनिटांत दुःखही होते : बेपत्ता झालेल्यांच्या घरच्या स्त्रिया ‘क्वेका’ हे जोडीने करायचे राष्ट्रीय नृत्य जोडीदाराविना एकट्याच नाचताना त्यात दिसल्या. ‘नाही’च्या बाजूने सुमारे ५६ टक्के मते पडली.

आनंद म्हणजे नेमके काय, हे मात्र ठरले नव्हते. सोळा-सतरा पक्षांची आघाडी पिनोशेंना हटवण्यावर एकमताची होती. खासगी निवृत्तिवेतन योजना, खासगी शिक्षण, पाण्याची मालकी या प्रश्नांवर तसे एकमत नव्हते, आणि पिनोशेंच्या राजवटीतली १९८० ची राज्यघटना दुरुस्त्यांसह चालू ठेवूनच संक्रमण पार पडले. त्या संयमाला कारण होते, लष्कराची बंदूक अजून खाली ठेवलेली नव्हती आणि पिनोशे १९९८ पर्यंत लष्करप्रमुखपदी होते. लोकशाही परतली आणि गरिबीही बरीच घटली, पण टाळलेले प्रश्न साचत गेले. ऑक्टोबर २०१९ मध्ये सांतियागोच्या मेट्रोचे भाडे ३० पेसोंनी वाढले आणि रस्त्यावर आलेल्या लोकांनी म्हटले की हा ३० पेसोंचा नाही, ३० वर्षांचा प्रश्न आहे. वर्षभराने ७८ टक्के मतदारांनी नव्या राज्यघटनेला कौल दिला. निवडून आलेल्या १५५ सदस्यांनी आरोग्य, घर, निसर्ग, मूलनिवासी आणि स्त्री-पुरुष समता यांचे हक्क नोंदवणारा ३८८ कलमांचा मसुदा तयार केला. तो ४ सप्टेंबर २०२२ रोजी सुमारे ६२ टक्के मतांनी फेटाळला गेला. विरोधकांनी केलेला अपप्रचार हे त्याचे एक कारण होते. पण मसुदा लिहिणाऱ्यांनी आंदोलनातला जोश हीच बहुमताची संमती मानली आणि ज्यांचे मन वळवायचे होते त्यांच्याशी बोलणे कमी केले, हेही तितकेच खरे कारण मला वाटते. उजव्यांचे वर्चस्व असलेल्या मंडळाने केलेला दुसरा मसुदाही डिसेंबर २०२३ मध्ये मतदारांनी नाकारला, आणि अनेकदा दुरुस्त झालेली १९८० ची घटनाच चिलीत आजही लागू आहे.