डीपी रोड स्वतः बांधलाय, महापालिकेकडून भरपाई कशी मिळते?

परवा ओळखीतल्या एका बिल्डरचा फोन आला, स्कीमसमोरचा डीपी रोड (म्हणजे शहराच्या विकास आराखड्यातला रस्ता) स्वखर्चाने केला, डांबर पण पडलं, आता खर्चाची फाईल कुठे टाकू? मी विचारलं आयुक्तांची मंजुरी आधी घेतली होती का, तर पलीकडे शांतता. बहुतेक जण इथेच अडकतात, आधी मंजुरी आणि करारनामा, मग खडी.

मुंबईचे बांधकाम नियम वेगळे (डीसीपीआर २०३४), बाकी बहुतेक महाराष्ट्रात डिसेंबर २०२० पासूनचं यूडीसीपीआर, म्हणजे राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली चालते, मी त्याचंच सांगतोय. आणि यात चेक मिळत नाही, टीडीआर मिळतो, म्हणजे दुसऱ्या प्लॉटवर वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क. आधी जागेचा, मग वर रस्ता बांधून दिला तर त्या बांधकामाचा वेगळा.

पात्र कोण? रस्ता मंजूर विकास आराखड्यात पाहिजे आणि जागा फुकट, बोजा नसलेली महापालिकेला द्यायची. लेआउटमधले अंतर्गत रस्ते तुमची जबाबदारी, त्याचा एक रुपया मागू नका. रस्त्याच्या जागेचा एफएसआय (बांधकामाचं परवानगी असलेलं क्षेत्र) त्याच प्लॉटवर वापरलात तर जागेचा टीडीआर पण विसरा.

कागद: ताजा सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, भूमी अभिलेखची मोजणी, झोन दाखला, वकिलाचा टायटल सर्च, सगळ्या मालकांच्या सह्या किंवा कुलमुखत्यारपत्र, हमीपत्र, आर्किटेक्टचा नकाशा, रस्त्याचं एस्टिमेट. सगळ्यात जास्त वेळ मोजणी खाते, आणि मोजणीत रस्त्याचं क्षेत्र नकाशापेक्षा दहा-वीस मीटर कमी भरलं की फाईल परत, म्हणून मी तर पहिला अर्ज मोजणीचाच टाकायला सांगतो. पुढे ताबा पावती, सातबाऱ्यावर महापालिकेचं नाव, काम पूर्ण झाल्यावर इंजिनिअरची पाहणी आणि मग डीआरसी, म्हणजे टीडीआरचं सर्टिफिकेट.

आता हिशोब. बांधकाम खर्च भागिले जागेचा रेडी रेकनर दर (सरकारने ठरवलेला वार्षिक जमीन दर), त्याला नियमातला गुणक. खर्च सरकारी दराने धरतात, ठेकेदाराचं बिल कितीही असू दे. समजा खर्च २ कोटी, जागेचा दर चौरस मीटरला २०,०००, म्हणजे १,००० चौरस मीटर, त्यावर गुणक. दर काम सुरू झालं त्या वर्षीचा लागतो, त्यामुळे काम मार्चअखेरीस सुरू करायचं की एप्रिलात, हे आर्किटेक्टला आधीच विचारून ठेवा.

आणि हा टीडीआर महाग भागात वापरायला गेलात तर आकसतो. २०,००० दराच्या जागेतला १,००० मीटर ४०,००० दराच्या प्लॉटवर ५०० च उरतो. विकायचा असेल तर डीआरसीवर आयुक्तांच्या मान्यतेने नाव बदलून घ्यावं लागतं, नुसता साठेखत करून भागत नाही, आणि घेणारा भाव पाडून मागतो ते वेगळंच.