गाडीच्या जुन्या कूलिंग पाईपांची घरगुती दुरुस्ती

इंजिन आणि रेडिएटरमध्ये कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, फिरवणारे रबरी होज, हीटरच्या बारीक नळ्या, मधले प्लॅस्टिकचे जोड आणि इंजिनाला लागून जाणारे लोखंडी पाईप, हे सगळं वयाबरोबर खराब होतं. ते घरीच तपासून बदलायचं म्हणजे ही दुरुस्ती. काम फार अवघड नाही, पण घाई केली तर पाईप राहतो बाजूला आणि रेडिएटरच नवा घ्यावा लागतो.

होज बहुतेक वेळा ईपीडीएम नावाच्या रबराचे असतात. बाहेरच्या भेगा कुणालाही दिसतात, खरी गोम आत असते. इंजिनातले धातू, कूलंट आणि रबर मिळून एक कमजोर बॅटरीच तयार होते आणि त्यामुळे होजच्या आतून बारीक उभ्या चिरा पडत जातात, त्याही बहुतेक टोकांपाशी, क्लॅम्पपासून (होज आवळून धरणाऱ्या कड्यापासून) चार-पाच सेंटिमीटरच्या आत. म्हणून इंजिन गार असताना होज आधी मध्ये दाबून बघायचा, मग टोकाशी. टोक जास्त मऊ लागलं किंवा आतून कुरकुरलं तर वरून कितीही चकचकीत दिसू दे, तो गेलाय. ऑइल लागलेला होज फुगून लिबलिबीत होतो. जोडापाशी पांढरट किंवा रंगीत खपली दिसली की तिथून झिरपतंय.

गरम इंजिनावर रेडिएटरचं किंवा कूलंटच्या टाकीचं झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही. आत साधारण 1 बार जादा दाब असतो, अर्धं कूलंट अर्धं पाणी असलेलं मिश्रण उघड्यावर 107 अंशांच्या आसपास उकळतं, पण दाबाखाली 125 च्या वर गेलं तरी उकळत नाही, आणि झाकण फिरवलं की तो दाब जातो आणि सगळं उसळून अंगावर येतं. कूलंट खाली घमेल्यात काढून घ्या, सांडू देऊ नका, त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि कुत्र्या-मांजरांसाठी विष.

जुना होज पिळून ओढायचा नाही. मी एकदा ओढला, टक् आवाज आला आणि होजसोबत रेडिएटरचं तोंडही हातात! हल्लीच्या रेडिएटरच्या टाक्या प्लॅस्टिकच्या असतात, तापून तापून ठिसूळ होतात. त्यापेक्षा होज ब्लेडने उभा चिरायचा, तोंडावर ओरखडा न पाडता, आणि केळ्याच्या सालीसारखा सोलायचा. तोंडावरची खपली हलक्या हाताने साफ करायची. नवा होज सरकवताना ग्रीस किंवा ऑइल नको, रबर खराब होतं, थोडं कूलंट लावलं की पुरतं. क्लॅम्प तोंडावरच्या उंचवट्याच्या मागे बसला पाहिजे. स्प्रिंगचा क्लॅम्प गरम-गार होताना पकड धरून राहतो, स्क्रूचा जास्त आवळला तर रबर कापतो.

लोखंडी पाईपला गंजून भोक पडलं तर सडका तुकडा कापून मध्ये होज घालता येतो, पण कापलेल्या टोकाला उंचवटा नसतो, म्हणून होज लांब घ्यायचा आणि दोन्हीकडे दोन-दोन क्लॅम्प. सिलिकॉनची टेप गुंडाळणं म्हणजे फक्त घरी पोचण्यापुरती सोय.

शेवटी हवा काढायची, आणि बहुतेकांचं इथेच चुकतं. हीटर पूर्ण गरमवर ठेवायचा, ब्लीड स्क्रू, म्हणजे हवा सोडायचा स्क्रू, असेल तर सैल करून हळूहळू कूलंट भरायचं आणि नुसते बुडबुडे थांबून सलग धार आली की आवळायचा. इंजिन तापलंय आणि हीटर तरी गार हवा फेकतोय म्हणजे आत हवा अडकली आहे किंवा कूलंट कमी आहे. दुसऱ्या दिवशी इंजिन गार असताना लेव्हल परत बघा, थोडी खाली गेलेली असते, तेवढी भरून घ्या.